राखीव डिस्क : माहितीसाठ्याची स्टेपनी

गाडीच्या डिकीत स्टेपनी आहे, हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असते. तिच्यात हवा आहे की नाही, हे मात्र बहुतेकांना घाटात पंक्चर झाल्यावरच कळते. बँका, रुग्णालये, विमा कंपन्या, विद्यापीठे यांची संगणकीय माहिती ज्या यंत्रणांवर साठवलेली असते, त्या यंत्रणांतही अशीच एक स्टेपनी बसवलेली असते. तंत्रज्ञ तिला ‘हॉट स्पेअर’ म्हणतात. आपण तिला राखीव डिस्क म्हणू. वर्षानुवर्षे काहीही काम न करता ही डिस्क यंत्रणेत नुसती बसून असते आणि ज्या दिवशी तिची वेळ येते, त्या दिवशी हजारो खातेदारांच्या नोंदी किंवा रुग्णांचे अहवाल तिच्या भरवशावर असतात. तिची निगा राखणे हा वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा विषय वाटतो. परंतु चार डिस्कांची छोटी साठवणपेटी आता डॉक्टरांच्या दवाखान्यात, सनदी लेखापालांच्या कार्यालयात आणि सहकारी पतसंस्थांतही दिसू लागली असल्याने हा विषय सर्वसामान्यांच्या दारात येऊन ठेपला आहे.

डिस्क जाते तेव्हा

हार्ड डिस्क हे मूलतः एक यांत्रिक साधन आहे. मोठ्या क्षमतेच्या बहुतेक डिस्कांमधील चकत्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारे टोक त्या चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असते. असे यंत्र अहोरात्र चालवले, तर ते कधी ना कधी बंद पडणारच. प्रश्न एवढाच, की किती वेळा? उत्पादकांच्या माहितीपत्रकात ‘सरासरी १० लाख तास’ असे भरभक्कम आकडे छापलेले असतात. १० लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे! हे वाचून डिस्क नातवंडांनाही पुरेल, असे एखाद्याला वाटावे. त्या आकड्याचा खरा अर्थ मात्र निराळा आहे. अशा हजारो डिस्क एकाच वेळी चालवल्या, तर वर्षाकाठी त्यांतील सुमारे ०.८८ टक्के बंद पडतील, एवढेच तो सांगतो.

प्रत्यक्षात तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या डिस्कांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहून अधिक, अनेक ठिकाणी दोन ते चार टक्के आणि एखाद्या ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यांना आढळले. त्यानंतरच्या काळात डिस्क सुधारल्या. आपल्या लाखो डिस्कांच्या नोंदी २०१३ पासून जाहीर करणाऱ्या ‘बॅकब्लेझ’ या अमेरिकी कंपनीकडे अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास राहिले आहे. तरीही १०० डिस्कांची यंत्रणा बाळगणाऱ्याने वर्षाला एक-दोन डिस्क जाणार, हे गृहीतच धरावे.

बेरजेचा ताळा

मग आपली माहिती वाचते कशी? याचे उत्तर १९८८ मध्ये मिळाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन (वर उल्लेख आलेले तेच) आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहिला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि एखादी गेली तरी माहिती परत मिळवता येईल अशी योजना करावी, असे त्यांचे म्हणणे. या मांडणीला ‘रेड’ हे नाव पडले. प्राप्तिकर खात्याच्या धाडीशी तिचा अर्थातच काही संबंध नाही.

तिचे तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. समजा, तीन डिस्कांवर अनुक्रमे ७, ५ आणि ९ हे आकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज, म्हणजे २१, लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क जळाली. हरकत नाही, २१ मधून ७ आणि ९ वजा केले की हरवलेला ५ परत मिळतो. प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी शून्य आणि एकच्या साहाय्याने दुसरी एक क्रिया करतो आणि हा ताळा एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कांवर आळीपाळीने लिहितो; पण मर्म तेच. ‘रेड ५’ या प्रकारात असा एक ताळा असतो, तर ‘रेड ६’ मध्ये दोन वेगवेगळे ताळे असतात. त्यामुळे पहिल्या प्रकारात एक आणि दुसऱ्यात दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते.

मेख आहे ती पुढे. वरच्या उदाहरणात दुसरी डिस्क गेल्यानंतर आणि तिच्या जागी नवी येऊन तिच्यावर ५ हा आकडा पुन्हा लिहिला जाईपर्यंत आणखी एक डिस्क गेली, तर काय? एका समीकरणात दोन अज्ञात संख्या उरतात आणि गणित सुटत नाही. माहिती कायमची जाते.

राखीव डिस्क विकत घेते तो वेळ

राखीव डिस्कचे खरे काम इथे सुरू होते. ती स्वतः माहिती सुरक्षित ठेवत नाही. तिच्यावर काही लिहिलेलेच नसते. ती फक्त वेळ वाचवते.

शनिवारी रात्री एक डिस्क बंद पडली अशी कल्पना करा. राखीव डिस्क नसेल, तर ही गोष्ट सोमवारी सकाळी कोणाच्या तरी लक्षात येणार, दुपारी विक्रेत्याला दूरध्वनी जाणार, मंगळवारी माणूस नवी डिस्क घेऊन येणार. म्हणजे सुमारे ६० तास यंत्रणा ताळ्याविना उघडी. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. राखीव डिस्क असेल, तर यंत्रणा माणसाची वाट न पाहता तिला कामाला लावते आणि पुनर्बांधणी लगेच सुरू होते. काही यंत्रणा, डिस्क खरोखरच गेली आहे की केवळ क्षणभर संपर्क तुटला आहे, याची खात्री करण्यासाठी काही मिनिटे थांबतात, एवढेच. धोक्याचा काळ जितका लहान, तितकी त्या काळात दुसरी डिस्क जाण्याची शक्यता कमी.

ही शक्यता कागदावर फार थोडी दिसते. परंतु एकाच पेटीतील डिस्क बहुधा एकाच कंपनीच्या, एकाच खेपेतील, एकाच दिवशी बसवलेल्या आणि सारख्याच उष्णतेत व कंपनात राबलेल्या असतात. श्रोडर आणि गिब्सन यांनाही एक डिस्क बदलल्यानंतर लवकरच दुसरी बदलावी लागण्याचे प्रमाण निव्वळ योगायोगाने निघेल त्याहून बरेच अधिक आढळले होते. शिवाय पुनर्बांधणीच्या वेळी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचावा लागतो. जे दुखणे एरवी महिनोन् महिने दडून राहिले असते, ते नेमके तेव्हाच वर येते. दुष्काळात तेरावा महिना!

तासांचे झाले दिवस

२००५ च्या सुमारास ५०० गिगाबाइटची डिस्क मोठी समजली जाई. सेकंदाला ६० मेगाबाइट या वेगाने ती भरायला सव्वादोन ते अडीच तास पुरत. आज २० टेराबाइटची डिस्क सर्रास मिळते. क्षमता ४० पट झाली. लिहिण्याचा वेग मात्र चार पटही धडपणे वाढलेला नाही. सेकंदाला २०० मेगाबाइट धरले, तरी ही डिस्क भरायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतात. तेही यंत्रणेला दुसरे काहीच काम नसताना. दिवसभर ग्राहकांची कामे चालू ठेवून पुनर्बांधणी करायची, तर दोन-चार दिवस सहज जातात.

आणखी एक अडचण आकड्यांतूनच पुढे येते. घरगुती वापराच्या अनेक डिस्कांच्या माहितीपत्रकात ‘१० च्या १४ व्या घाताइतके बिट वाचताना कमाल एक चूक’ अशी हमी दिलेली असते. एक कोटी गुणिले एक कोटी, एवढे हे बिट. ऐकायला प्रचंड, पण त्याचे साडेबारा टेराबाइटच होतात. चार टेराबाइटच्या पाच डिस्कांच्या ‘रेड ५’ मध्ये एक गेली, तर उरलेल्या चार डिस्कांवरून १६ टेराबाइट बिनचूक वाचायला हवेत. प्रत्यक्षात डिस्क या हमीपेक्षा पुष्कळदा चांगल्या वागतात हे खरे, परंतु हमीच्या पलीकडचे सुदैव हिशेबात धरू नये. मोठ्या डिस्कांसाठी दोन ताळ्यांची मांडणी रूढ झाली ती याचमुळे. दुसरा ताळा असेल, तर एखादा न वाचता येणारा भाग पुनर्बांधणी अडवू शकत नाही.

किती ठेवाव्यात, कोणत्या ठेवाव्यात

राखीव डिस्क दोन प्रकारे नेमता येते. एकाच गटासाठी बांधलेली, किंवा यंत्रणेतील कोणत्याही गटाच्या मदतीला धावणारी सामाईक. सामाईक डिस्क अर्थातच काटकसरीची. मोठ्या यंत्रणांत साधारण २५ ते ३० डिस्कांमागे एक सामाईक राखीव असा प्रघात आहे. यंत्रणा दुर्गम ठिकाणी असेल किंवा विक्रेत्याचा माणूस यायला आठवडा लागत असेल, तर हा आकडा वाढवावा.

खरे घोडे पेंड खाते ते डिस्कच्या जातीपाशी. राखीव डिस्क गेलेल्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असलीच पाहिजे. दोन कंपन्यांच्या, वेष्टनावर सारखीच क्षमता छापलेल्या डिस्क प्रत्यक्षात किंचित लहान-मोठ्या निघू शकतात आणि तेवढ्यावरून यंत्रणा राखीव डिस्क नाकारते. जाणकार उत्पादक म्हणून प्रत्येक डिस्कचा थोडासा शेवटचा भाग मुद्दामच वापरत नाहीत. वेग आणि प्रकारही जुळावा लागतो. वर्षानुवर्षांत जुन्या गटाशेजारी नवे, मोठ्या डिस्कांचे गट वाढत जातात. राखीव डिस्क मात्र जुन्या मापाचीच राहते. पडद्यावर ‘राखीव डिस्क : १’ असे हिरव्या अक्षरांत दिसत राहते. नव्या गटाच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा असते.

स्टेपनीतली हवा

राखीव डिस्क काम करत नाही म्हणून ती निरोगी आहे, असे समजण्याची चूक फार होते. वापरातील डिस्कांची माहिती अधूनमधून पूर्ण वाचून ताळा जुळतो का, हे बहुतेक यंत्रणा पाहतात. राखीव डिस्कवर ताळा जुळवण्यासारखे काही नसल्याने ती या तपासणीतून अनेकदा सुटते. तेव्हा तिची स्वतंत्र, संपूर्ण पृष्ठभागाची चाचणी ठरावीक काळाने लावणे आवश्यक ठरते.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवते. ‘स्मार्ट’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्या पाहून आजारी डिस्क बंद पडण्याआधीच तिच्यावरील माहिती राखीव डिस्कवर उतरवून घेण्याची सोय बऱ्याच यंत्रणांत आहे. हा मार्ग उत्तम. कारण ताळ्यावरून गणित मांडत बसण्यापेक्षा सरळ नक्कल करणे कितीतरी सोपे. मात्र या नोंदींवर किती विसंबावे? गूगलच्या एदुआर्दो पिनेइरो आदी अभियंत्यांनी २००७ मध्येच एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला होता. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कांच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र झोप उडवणारा होता. बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी प्रकृतीच्या चार प्रमुख नोंदींपैकी एकीतही आधी कसलाच इशारा दिला नव्हता.

आणि कधी कधी राखीव डिस्कही त्याच आजाराची वाहक असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या काही सॉलिड स्टेट डिस्कांबाबत ग्राहकांना तातडीचा इशारा दिला. अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे या डिस्क नेमक्या ३२ हजार ७६८ तासांनी, म्हणजे तीन वर्षे २७० दिवस आणि आठ तासांनी, बंद पडणार होत्या. त्यानंतर डिस्कही परत मिळणार नव्हती आणि तिच्यावरील माहितीही. ३२ हजार ७६८ हा २ चा १५ वा घात आहे, हे पाहून संगणक क्षेत्रातील मंडळींना काय घडले असावे, याचा अंदाज लगेच आला. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क एकाच सुमारास बंद पडतील, असे कंपनीनेच बजावले होते. आता विचार करा : वीज सुरू असलेल्या राखीव डिस्कचे तासही तेवढेच भरलेले असतात. ताळे दोन असोत वा तीन, अशा दोषापुढे त्यांचा काय पाड? मार्च २०२० मध्ये ४० हजार तासांच्या अशाच आणखी एका दोषाचा इशारा आला. दोन्ही वेळा उपाय एकच होता, सुधारित आज्ञावली वेळेत बसवणे. डिस्कांचे क्रमांक आणि बसवल्याच्या तारखा ज्यांनी नोंदवून ठेवल्या होत्या, त्यांना आपल्याकडे कोणत्या डिस्क धोक्यात आहेत, हे शोधायला वेळ लागला नसणार.

राखीव संपल्यानंतरची शांतता

या साऱ्यात सर्वांत धोकादायक क्षण कोणता, असे विचारले, तर या प्रतिनिधीच्या मते तो डिस्क जाण्याचा नव्हे. राखीव डिस्क आपले काम चोख बजावते, त्यानंतरचा काळ अधिक धोक्याचा. पुनर्बांधणी पूर्ण झाली. यंत्रणा पूर्वीच्याच वेगाने चालू आहे. कोणाचीही तक्रार नाही. पण आता राखीव डिस्क उरलेली नाही आणि पुढची डिस्क जाईल तेव्हा विहीर खणायला सुरुवात करावी लागणार आहे. यंत्रणेने ही बातमी ई-मेलने कळवलेली असते. परंतु तो ई-मेल यंत्रणा बसवणाऱ्या, एव्हाना नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर जात असतो. पेटीवरचा पिवळा दिवा लुकलुकत असतो आणि त्या खोलीचे कुलूप महिनाभर कोणी उघडलेले नसते. छोट्या संस्थांत माहिती जाण्याचे प्रसंग येतात, ते बहुधा याच वाटेने : एक अपघात पचवला गेला म्हणून कोणाच्या लक्षात आला नाही आणि दुसरा पचला नाही.

म्हणून इशारा एका व्यक्तीच्या नव्हे, तर विभागाच्या सामाईक पत्त्यावर यावा आणि राखीव संख्या किमान मर्यादेखाली गेल्यास तो रोज यावा. सेवा करारातही ‘डिस्क बदलून देऊ’ एवढ्यावर समाधान न मानता ‘राखीव डिस्कची भरपाई किती तासांत’ हे कलम लिहून घेतलेले बरे.

राखीव डिस्क नव्हे, राखीव जागा

एका राखीव डिस्कची मूळ मर्यादा अशी, की उरलेल्या सगळ्या डिस्क कितीही वेगाने माहिती पुरवोत, ती अखेर एकाच डिस्कवर लिहायची असते. शंभर माणसे आणि दार एक! यावर आयबीएममधील जय मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ मध्येच तोड सुचवली होती. एक अख्खी डिस्क रिकामी ठेवण्याऐवजी प्रत्येक डिस्कवर थोडी थोडी जागा राखून ठेवायची. मग पुनर्बांधणी करताना सर्व डिस्क वाचतात आणि सर्वच लिहितात, त्यामुळे काम कितीतरी लवकर उरकते. शिवाय ‘बसून खाणारी’ डिस्क उरत नसल्याने तिची प्रकृती तपासण्याचा प्रश्नही मिटतो. पुण्यात मोठे विकास केंद्र असलेल्या व्हेरिटास कंपनीच्या साठवण व्यवस्थापन प्रणालीतही बिघडलेला तेवढाच भाग राखीव किंवा मोकळ्या जागेवर हलवण्याची सोय होती. खुल्या स्रोताच्या ‘ओपन झेडएफएस’ प्रणालीत विखुरलेल्या राखीव जागेची सोय २०२१ मध्ये आली. इंटरनेटवरील महाकाय साठवण कंपन्यांनी तर माहितीचे तुकडे अनेक यंत्रांवर विखरून हा विचार आणखी पुढे नेला. वर उल्लेखिलेल्या बॅकब्लेझने फाइलचे १७ तुकडे आणि तीन ताळे करून ते २० वेगवेगळ्या पेट्यांत ठेवण्याची पद्धत अवलंबली.

अर्थात ताळे आणि राखीव जागा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते आणि आगीला राखीव डिस्क ओळखता येत नाही. दक्षिण कोरियातील देजोन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा तेथील ‘जी-ड्राइव्ह’ या साठवणुकीतील ८५८ टेराबाइट सरकारी माहिती नष्ट झाली. आकार फार मोठा असल्याने तिची बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती.

चार डिस्कांच्या पेटीचे काय?

छोट्या कार्यालयांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे आणि तो विक्रेते क्वचितच समजावून सांगतात. चार जागांच्या पेटीत तीन डिस्कांचे ‘रेड ५’ आणि चौथी राखीव, अशी मांडणी केली, तर दोन डिस्कांएवढी जागा वापरायला मिळते. त्याच चार डिस्कांचे ‘रेड ६’ केले, तरी दोन डिस्कांएवढीच जागा मिळते. पण पहिल्या मांडणीत पुनर्बांधणी चालू असताना दुसरी डिस्क गेली, तर सर्वस्व जाते. दुसऱ्या मांडणीत ती गेली तरी माहिती वाचते. तेव्हा छोट्या पेटीत चौथ्या डिस्कला रिकामे बसवू नये, तिलाही ताळा लिहायला लावावे. लिहिण्याचा वेग थोडा मंदावतो, पण दवाखान्याच्या किंवा लेखापालाच्या कामात तो जाणवत नाही.

पाचवी डिस्क मात्र कपाटात हवी. तंत्रज्ञ तिला ‘कोल्ड स्पेअर’ म्हणतात. गरज पडेल तेव्हा बाजारातून आणू, हा हिशेब नेहमी जमतोच असे नाही. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे मोठे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कांचे भाव कडाडले. शिवाय पाच वर्षांनी त्याच क्षमतेची डिस्क दुकानात मिळेलच, याचीही खात्री नसते. ही डिस्क पेटीसोबतच, पण शक्यतो दुसऱ्या खेपेतील घ्यावी. मूळच्या चौघींची जन्मखूण तिच्यावर नको. मूळ वेष्टनातून न काढता, कोरड्या जागी ठेवावी आणि वेष्टनावर क्षमता, खरेदीची तारीख व हमीची मुदत लिहावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ती संगणकाला जोडून संपूर्ण चाचणी करावी. मोठ्या डिस्कला त्यासाठी एक दिवस आणि एक रात्र लागेल. दिवाळीच्या सुट्टीत हे काम आपोआप होऊन जाते.